कामठा : उरले २१३६ तास

या घटनाक्रमातला माणूस मी कल्पून घेतला आहे. कामठा गाव खरं आहे. गोंदिया तालुक्यातलं, जमीनदारीच्या काळापासून नाव असलेलं, चहूकडे धानाच्या बांध्या असलेलं. त्या माणसाच्या शरीरात तासागणिक जे घडतं तेही खरं आहे. गेल्या ऐंशी वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी ते तुकड्या-तुकड्यांनी नोंदवून ठेवलं आहे. माणूस बत्तीस वर्षांचा, लग्नाला चार वर्षं झालेली. घरात मूल नाही आणि त्याचा जाब आजवर फक्त त्याच्या बायकोला विचारला गेला आहे.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तिच्या पोटात आठ पेशींचा एक गर्भ थांबेल. तो शून्य तास. तिथून मागे मोजायला लागलं की आपण मे महिन्यात येऊन पोहोचतो, आणि तेव्हा या गोष्टीत बायको कुठेच नसते.

२१३६ तास आधी

मेचा पहिला आठवडा. उन्हाळी धान कापणीला आलं आहे, पारा ४४ च्या पुढे गेला आहे. तो एका राईस मिलमध्ये उसना तांदळाच्या कामावर आहे. धान भिजवायचं, वाफवायचं, मग पसरून वाळवायचं. दिवसाचे आठ-दहा तास बॉयलरच्या धगीत जातात. वाफेतून बाहेर यावं तर बाहेर ऊन.

आज त्याच्या वृषणातल्या एका मूळ पेशीचं विभाजन सुरू झालं. तिच्यापासून शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर एपिडिडिमिस नावाच्या गुंडाळलेल्या नळीतून पिकत पुढे सरकायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे आज जे मूल राहतं किंवा राहत नाही, त्यातला पुरुषाचा वाटा जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीच ठरायला लागलेला असतो. डॉक्टरांकडे गेल्यावर आदल्या आठवड्यात काय खाल्लं, काय प्यायलं तेवढं सांगून पुरत नाही. विचारायचं ते मागच्या हंगामाचं.

वृषणं शरीराबाहेर असतात त्याला कारण आहे. शुक्राणू नीट घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. बॉयलरपाशी ते मिळत नाही. घट्ट जीन्स घालून भर दुपारी मोटारसायकलवर गेलं तरी मिळत नाही. मूळ पेशी तशी चिवट असते, ती हे सोसते. मार बसतो तो तिच्या पुढच्या पिढ्यांना.

१५०० तास आधी

मेअखेरचा नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले दिवस. पेशी आता गुणसूत्रांची निम्मी वाटणी करण्याच्या टप्प्यावर आली आहे. उष्णतेला सगळ्यात हळवा असतो तो हाच टप्पा.

इथे ऑक्सिजनची गोष्ट सांगायला हवी. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करते, तेव्हा त्यातला थोडासा भाग अर्धवट राहतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी चावरी संयुगं तयार होतात. ती समोर येईल त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. शरीराकडे त्यांना शांत करणारी विकरं आहेत, आहारातून क आणि ई जीवनसत्त्व येतं, सेलेनियम आणि जस्त येतं. या सगळ्या बचावाला आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो. मारा बचावापेक्षा जास्त झाला की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. उष्णता मारा वाढवते. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर रक्त तिथे तुंबतं आणि तापमान आणखी चढतं. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना ते असतं, आणि मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत हे प्रमाण शंभरात पस्तीस-चाळीसपर्यंत जातं. आपल्या माणसालाही आहे. डाव्या बाजूला जडपणा वाटतो, पण पोती उचलून वाटत असेल असं तो धरून चालला आहे.

आणि खर्रा. मिलच्या फाटकासमोरच्या टपरीवर प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यावर सुपारीचा बारीक चुरा पडतो, त्यावर तंबाखू, बोटाने चुना. तुकडा दुमडून टपरीवाला तो पाटीवर तळहाताने दाबून दाबून घोटतो. आतला रंग तांबूस होतो, चुन्याचा वास मोकळा होतो, आणि गरमसर पुडी हातात येते. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. घोटलेला खर्रा पूर्व विदर्भात कोणत्या गावी मिळत नाही ते सांगणं कठीण. आपला माणूस दिवसाला सात-आठ पुड्या संपवतो. झोप उडते, भूक मरते, पाळी निभते.

तंबाखूतून निकोटिन येतं आणि कॅडमियमही येतं. हा जड धातू वृषणाला वैरी आहे. तपासणीसाठी आलेल्या ६३८ भारतीय पुरुषांचा तंबाखू चघळण्याच्या सवयीप्रमाणे केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. चघळणं जितकं जास्त, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि घडण खालावलेली. सिगारेटचं पुरुषांना निदान ऐकून माहीत असतं. खर्‍याचा संबंध ते दात आणि तोंडाच्या कॅन्सरपुरताच लावतात, त्याच्या खाली उतरत नाहीत.

१००० तास आधी

जूनचा तिसरा आठवडा. मिलचं काम ओसरलं म्हणून तो बांधकामावर नागपूरला गेला. पत्र्याच्या खोलीत सहा जण. पहिल्या पावसानंतर डास झाले आणि त्याला ताप भरला. तीन दिवस १०३ च्या आसपास.

ताप उतरतो, तो चौथ्या दिवशी स्लॅबवर उभा राहतो आणि विसरून जातो. वृषण विसरत नाही. तापानंतर शुक्राणूंमधल्या डीएनएचं तुटलेपण वाढतं आणि ते पुढचे जवळपास दोन महिने दिसत राहतं, कारण तापाच्या दिवशी जी पेशी ज्या टप्प्यावर होती ती तिथली इजा घेऊनच पुढे सरकते. आपल्या गोष्टीतली पेशी त्या दिवशी वाटणी संपवून गोल, बिनशेपटीची झाली होती.

मलेरिया गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात नवा नाही. पण मूल न होणाऱ्या जोडप्याची कहाणी लिहून घेताना पुरुषाला 'गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो पुष्कळदा राहून जातो.

६२० तास आधी

जुलैची सुरुवात. या टप्प्यावर जे होतं त्याला शरीरात दुसरी जोड नाही.

बाकी सगळ्या पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती सैलसर गुंडाळलेला असतो. शुक्राणूला तो अतिशय लहान डोक्यात मावायला हवा. म्हणून बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन येतात. पीळ सुटावा म्हणून पेशी आपला डीएनए स्वतःच जागोजाग कापते, प्रोटामिन बसवते आणि काप पुन्हा जोडते. मग प्रोटामिनांमध्ये गंधकाचे टाके पडतात आणि गठ्ठा कडक होतो. या टाक्यांना सेलेनियमचं विकर लागतं, घडी टिकायला जस्त लागतं.

घाईत, उष्णतेत, कमी पोषणात हे काम अर्धवट राहिलं तर काही काप उघडेच राहतात आणि गठ्ठा सैल राहतो. सैल गठ्ठ्यात पेरॉक्साइडला शिरायला जागा मिळते. यानंतर शुक्राणू आपल्यातला जवळजवळ सगळा पेशीरस टाकून देतो. त्याच्यासोबत बचावाची विकरं जातात, दुरुस्तीची अवजारं जातात. डीएनएतलं बिघडलेलं अक्षर कापून काढणारं एक विकर त्याच्याजवळ उरतं, पण कापल्यानंतरची पोकळी भरणारं पुढचं विकर उरत नाही. तो काप घेऊन निघतो आणि भरून देण्याचं काम बीजांडावर सोडतो. एका बिजातली उणीव दुसऱ्या बिजाने भरून काढायची, ही निसर्गाची व्यवस्थाच आहे. आपण मात्र तिचा अर्थ असा लावला, की भरून न निघालेल्या प्रत्येक उणिवेची धनीण बाई.

३६० तास आधी

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला. शुक्राणू वृषणातून निघून एपिडिडिमिसमध्ये आला. इथे तो पोहायला शिकतो आणि वाट पाहतो.

त्याचं आवरण बघण्यासारखं आहे. पेशीचं आवरण मेदाचं असतं, आणि शुक्राणूच्या आवरणात डीएचए हे सहा दुहेरी बंध असलेलं मेदाम्ल भरपूर असतं. त्यामुळे ते लवचीक राहतं, शेपटीला झटका देता येतो, पुढे बीजांडाशी मिळून जाता येतं. पण दुहेरी बंध जितके जास्त, तितकी ऑक्सिजनला धरायची जागा जास्त. कामठ्यातल्या कुठल्याही घरात जवसाच्या तेलाची बाटली उघडी राहिली की ते खवट होतं, हे बायकांना ठाऊक आहे. इथे तीच रासायनिक क्रिया चालते. एक रेणू खवटला की तो शेजारच्याला खवटवतो, साखळी सुरू होते. आवरण ताठर होतं, शेपटी मंदावते, आणि खवटपणातून निघालेली संयुगं आत डीएनएपर्यंत जातात.

जॉन मॅक्लाउड या अमेरिकन संशोधकाने १९४३ सालीच हे दाखवलं होतं. भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेले मानवी शुक्राणू थांबतात, आणि पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज घातलं तर पोहत राहतात. पेनिसिलिन भारतातल्या दवाखान्यांत पोहोचण्याआधीची ही गोष्ट.

नागपुरातला माणूस महिनाभर घरी गेलेला नाही. खोलीतले मोठे त्याला सांगतात, बरंच आहे, साठून राहिलेलं दमदार असतं. ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने माणसं घाबरवली, धातू जातो म्हणून वैदूंचे खिसे भरले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून असल्या भीतीला जाहीर उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज प्रयोगशाळाही तेच सांगते. साठून राहिलेले शुक्राणू नळीत जुने होतात, पेरॉक्साइडच्या माऱ्यात जास्त वेळ राहतात, त्यांचा डीएनए जास्त तुटतो. मूल हवं असेल तर दीर्घ संयमाने फायदा होत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने संबंध येणं जास्त बरं.

७८ तास आधी

रोवणीसाठी तो गावी परतला. बांधीत चिखलणी झाली आहे, पऱ्हे उपटून जुड्या बांधल्या आहेत. दिवसभर बायका वाकून रोवतात, त्यांत त्याची बायकोही आहे. रात्री दोघं एकत्र येतात.

निघताना कोट्यवधी शुक्राणू आहेत आणि त्यांच्याभोवती वीर्यद्रव आहे. या द्रवात क जीवनसत्त्व रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी १९९१ साली निरोगी पुरुषांच्या आहारातलं क जीवनसत्त्व दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणलं. वीर्यातलं क जीवनसत्त्व निम्म्यावर आलं आणि शुक्राणूंच्या डीएनएवरची ऑक्सिडेशनची खूण ९१ टक्क्यांनी वाढली. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला या भागात विकतही घ्यावा लागत नाही. पण खर्‍याने भूक मेलेल्या माणसाच्या ताटात नागपूरच्या महिन्यात भात आणि पातळ वरण याखेरीज काही पडलेलं नाही.

वीर्यद्रव गर्भाशयाच्या तोंडाशीच मागे राहतो. पुढे शुक्राणू एकटे जातात. बीजांडाजवळ पोहोचतात ते जेमतेम काही शे.

त्या काही शेंमध्ये सगळे धडधाकटच असतात असं नाही. थोडं पेरॉक्साइड शुक्राणूला हवंही असतं. बीजांडाला भेटण्याआधीची त्याची शेवटची तयारी त्याच्याशिवाय होत नाही, म्हणून सगळा ऑक्सिडंट पुसून टाकणंही घातकच. आणि मारा मध्यम असेल तर डीएनए तुटलेला असूनही शुक्राणू जोमाने पोहतो, बीजांडात शिरतोही. साध्या तपासणीत संख्या आणि हालचाल बघतात. आतलं तुटलेपण त्या भिंगाखाली दिसत नाही.

७२ तास आधी

फलन झालं. घरात सगळे झोपले आहेत.

बीजांड पहिल्या काही तासांत प्रोटामिन काढून टाकतं, वडिलांच्या डीएनएभोवती आपले हिस्टोन बसवतं आणि दुरुस्तीला लागतं. तिचं वय तिशीच्या आत आहे, बीजांड ताकदीचं आहे. ते बरेच काप भरतं. वय वाढलेल्या बाईच्या बीजांडाची ही ताकद कमी होते. पण इथे तिच्याकडून कसर राहिलेली नाही. काप जास्त आहेत.

४४ तास आधी

एकाच्या दोन पेशी झाल्या. तिसऱ्या दिवसाकडे जाताना चार होतील. आतापर्यंत सगळा कारभार आईने बीजांडात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. वडिलांची जनुकं गप्प आहेत, म्हणून त्यांच्यातला बिघाडही गप्प आहे.

शून्य

चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर गर्भाची स्वतःची जनुकं जागी होतात. हे १९८८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं. वडिलांकडून आलेलं पान पहिल्यांदा उघडलं जातं ते इथे. आणि या गर्भाला वाचता येण्याजोगं काही पुरतं सापडत नाही. विभाजन थांबतं.

वेदना नाही, रक्त नाही, कुणाला पत्ता नाही. आषाढ अमावास्येला घराघरांत जिवतीचा कागद भिंतीवर चिकटवून लेकरांसाठी पूजा होते. त्या दिवशी सासू तिच्याकडे बघते आणि काही बोलत नाही. पाळी वेळेवर येते.

असाच गर्भ थोडा पुढे जाऊन पडला असता तर त्याला गर्भपात म्हटलं असतं. १६ अभ्यास आणि २,९६९ जोडपी एकत्र करून २०१२ साली मांडलेल्या विश्लेषणात शुक्राणूंचा डीएनए जास्त तुटलेला असलेल्या जोडप्यांत गर्भपाताचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची सगळी तपासणी होते. नवऱ्याचं नाव त्या कागदांवर पत्त्यापुरतंच येतं.

शून्यानंतर

आता ती डॉक्टरांकडे जाते. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्या मोकळ्या आहेत का बघणारा दुखरा एक्स-रे. जगात दर सहा माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीला असतं. त्याची पहिली तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखरी आहे. एका छोट्या डबीत नमुना, तासाभरात भिंगाखाली. तीच सगळ्यांत शेवटी होते. हे मला सहन होत नाही, आणि ते कुणालाच सहन होऊ नये.

गावची आशाताई अंगणात त्याला गाठते. "भाऊ, तुमीबी एकदा तपासून घ्या ना जी."

"मले काय झालं? मी तर धडधाकट आहो."

"वहिनीबी धडधाकटच आहे जी. तिच्या तर चार तपासण्या झाल्या."

तो गोंदियाला जातो. अहवालात संख्या ठीक, हालचाल कमी. दुकानातून रंगीत खोका मिळतो. क, ई, जस्त, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपिन, महिन्याला हजाराच्या घरात. मला इथे थांबून सांगायचं आहे, कारण गरिबाचा पैसा इथे जातो. अशाच मिश्रणाची अमेरिकेतल्या नऊ केंद्रांत रीतसर चाचणी झाली. २०२० साली निकाल आला. गोळी घेतलेल्यांकडे १५ टक्के आणि बनावट गोळी घेतलेल्यांकडे २४ टक्के बाळंतपणं. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण गोळीचा फायदा मात्र कुठे दिसला नाही. त्याच वर्षी २,३७० जोडप्यांवरची जस्त आणि फॉलिक ॲसिडची चाचणी प्रसिद्ध झाली. बाळंतपणं ३४ आणि ३५ टक्के, आणि गोळी घेतलेल्यांत डीएनएचं तुटलेपण उलट किंचित जास्त. ज्याच्या शरीरात खरोखर तुटवडा आहे त्याला गोळीने मदत होऊ शकते. बाकीच्यांसाठी मारा चालू ठेवून बचाव विकत घेण्यात अर्थ नाही.

मारा थांबवता येतो. डाव्या बाजूच्या फुगलेल्या शिरा डॉक्टरांच्या हाताला उभ्याने तपासताना कळतात. वीर्यात पांढऱ्या पेशी वाढल्या असतील, तर कधी संसर्गाची तपासणी करून त्यावर उपचार होतात. एकेक पांढरी पेशी शुक्राणूच्या हजारपटीपर्यंत पेरॉक्साइड सोडू शकते. बॉयलरची पाळी बदलून मागता येते. आणि पुरुषाचं बीज बाईच्या बिजासारखं जन्मापासून मोजून ठेवलेलं नसतं, रोज नवं सुरू होतं.

आपल्या माणसाने पोळ्याच्या दिवशी खर्रा सोडला, तर त्या दिवशी वृषणात सुरू झालेली पेशी धान चुरून घरी येईपर्यंत, नोव्हेंबर-डिसेंबरात, बाहेर पडण्याजोगी होईल. अहवाल पुन्हा काढायचा तो तेव्हा. त्याआधी पंधरा दिवसांत काढून "सोडूनही काही फरक नाही" म्हणत टपरीवर परतलेले पुष्कळ आहेत. डबीत आलेले ते शुक्राणू खर्‍याच्या दिवसांतलेच होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.